घरचा संगणक आणि घरची मुले

1910 साली श्रीमंत सयाजीराव महाराजांनी अमेरिकेहून बोर्डन या ग्रंथपालास पाचारण करून आपल्या बडोद्यात सार्वजनिक ग्रंथालयांची घडी बसविली. ग्रंथ सर्वांनी वाचावे, मांडणी मात्र ग्रंथपालाने सांभाळावी, हा ग्रंथालयाचा शिरस्ता. घरच्या संगणकासही हाच न्याय लावावा. मुलांच्या साध्या खात्यात एखादा प्रोग्रॅम चालत नाही म्हणून वडील मंडळी कंटाळून ॲडमिनिस्ट्रेटरचा परवलीचा शब्दच देऊन टाकतात. मग एका अपायकारी प्रोग्रॅमपायी आईचे हिशेब आणि ताईचे निबंध, दोन्ही धोक्यात येतात! त्यापेक्षा वडिलांनी प्रोग्रॅम एकदाच सर्व खात्यांसाठी बसवावा. मुलांनी तो खुशाल चालवावा. नवा हवा असल्यास मात्र विचारावे. वापरण्याची मोकळीक निराळी, बदलण्याचा अधिकार निराळा. पहिली उदारपणे द्यावी, दुसरा जपून ठेवावा.