एका चौकोनात अख्खा डोंगर मावत नाही

आषाढात मी पोखर्णीला निंदणीच्या कामावर होतो. तिथली जमीन काळी, भारी. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पण एकदा पोटभर पाणी प्याली की पंधरा दिवस पाऊस नसला तरी पराटी तग धरते. त्याच आठवड्यात घरून फोन आला, डोंगरावरच्या ज्वारीनं माना टाकल्या. आपल्याकडं वीतभर माती अन् खाली मुरूम. आठ दिवसांत ओल संपली. मोबाइलवरचा अंदाज मात्र दोन्हीकडं एकच होता, जिल्ह्यात हलका ते मध्यम पाऊस.

हा अंदाज येतो कुठून? पुण्याला भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहे. तिथल्या महासंगणकावर देशाचे चौकोन पाडून हिशोब करतात. त्यालाच मॉडेल म्हणतात. आधी चौकोन 12 किलोमीटरचा होता, मे 2025 मध्ये तो 6 किलोमीटरवर आणला. काम चांगलंच आहे, नावं ठेवायची नाहीत. पण 6 गुणिले 6 म्हणजे 36 चौरस किलोमीटर. त्यात आपली चार-पाच शिवारं, नदीकाठची काळी, उताराची बरड अन् माथ्यावरचं जंगल, सगळं आलं. बैलाचं एक शिंग भिजतंय अन् दुसरं कोरडं राहतंय, तिथं एका चौकोनाला सरासरीचा एकच आकडा.

माती म्हणजे नुसतं पाऊस झेलणारं भांडं नाही. ओल्या जमिनीतून वाफ निघते, हवा गार राहते. कोरडा मुरूम लवकर तापतो. पुढचे ढग कुठं धरतील हे त्यावरही ठरतं. 2004 साली शास्त्रज्ञांनी बारा मॉडेलं ताडून पाहिली. मातीतल्या ओलीचा पावसावर जास्त परिणाम होतो अशा जगातल्या मोजक्या भागांत भारत निघाला. म्हणजे खालची माती चुकीची धरली की वरचा पाऊसही चुकणार.

आपले काही कार्यकर्ते म्हणतात, हे शास्त्रज्ञांचं काम, आपली लढाई जमिनीची. मला हे पटत नाही. महसूल मंडळाच्या केंद्रावर 24 तासांत 65 मिलिमीटरच्या वर पाऊस नोंदला तर अतिवृष्टी. केंद्र खाली सपाटीवर असलं अन् ढग आपल्या डोंगरावर फुटला, तर वाहून गेलेल्या मातीला कागदावर जागाच नाही. पट्टा मिळाला, पण पट्ट्यावरची माती गेली तर खायचं काय?

म्हणून प्रत्येक ग्रामसभेनं पाऊस मोजायला लागावं. खर्च नाही. तळापासून तोंडापर्यंत सारख्या रुंदीचा डबा घ्या. झाड-छप्परापासून लांब, मोकळ्यावर पक्का बसवा. रोज सकाळी साडेआठला पट्टी उभी धरून मिलिमीटर मोजा, वहीत लिहा, डबा रिकामा करा. पाऊस नसला तर शून्य लिहा, रकाना कोरा सोडू नका. शेजारी जमीन कोणती, किती खोल, ओल किती दिवस टिकली तेही लिहा. हे आपल्या म्हाताऱ्यांना तोंडपाठ आहे, लिहायचं तेवढं राहिलंय.

वनहक्क कायदा 2006 च्या कलम 5 नं पाणलोट अन् पाण्याचे स्रोत राखायचा अधिकार ग्रामसभेला दिलाय. त्याच आधारानं ठराव घ्या. वहीची एक प्रत तहसीलला, एक परभणीच्या कृषी विद्यापीठाला द्या, अन् पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका. डोंगरपट्ट्यात सरकारी पर्जन्यमापक बसवा ही मागणीही त्याच अर्जात घाला. वह्या दिवाळीनंतरच्या बैठकीला आणा, गावागावांचे आकडे शेजारी ठेवून पाहू.