आधी पाणी पाळा

मासा मेला की आमच्याकडे एक वाक्य तयार असतं. "घरावरचं संकट त्यानं स्वतःवर घेतलं." हे मी नारायणगावात ऐकलंय, मंचरला ऐकलंय, ओतूरला एका वास्तुशांतीच्या पंगतीत जिलेबी वाढता वाढता ऐकलंय. संकट कसलं डोंबलाचं! मासा अमोनियानं मेला. त्याच्याच विष्ठेतून आणि तुम्ही कौतुकानं मूठमूठ टाकलेल्या, न खाल्लेल्या दाण्यांतून तयार झालेल्या अमोनियानं. संध्याकाळी टाकी आणायची, त्याच खेपेला पिशवीतून मासे आणायचे, ईशान्य कोपरा धरायचा, आठ सोनेरी आणि एक काळा असे नऊ गोल्डफिश दोन फुटांच्या काचेत कोंबायचे आणि आठवड्याभरात ते पोट वर करून तरंगायला लागले की त्यांना हुतात्मा जाहीर करायचं. दुकानदार खूश, वास्तुवाला खूश. पुढच्या रविवारी पुन्हा नऊ.

हे लोक अडाणी असते तर मी गप्प बसलो असतो. पण ही माणसं द्राक्षबागायतदार आहेत. ऑक्टोबर छाटणी झाली की यांची पान-देठ परीक्षणाला धावपळ सुरू होते. ठिबकमधून सोडायच्या पाण्याचा पीएच आणि ईसी यांना तोंडपाठ. युरिया टाकल्यावर जमिनीतले जिवाणू त्याचा आधी अमोनियम आणि मग नायट्रेट करतात, हे यांना कुणी शिकवायला नको. तेच जिवाणू, तेच रसायनशास्त्र दिवाणखान्यातल्या काचेत चालू असतं, हे मात्र यांच्या डोक्यात शिरत नाही. कारण ती काच म्हणजे शेत नव्हे, शोभा. सोफ्यासारखी.

तर बागायतदार मंडळी, तुमच्याच भाषेत सांगतो. टाकीत मासा सोडला की अमोनिया होणार. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राईट करतात, तेही विषारीच. दुसऱ्या जातीचे त्याचं नायट्रेट करतात, ते माशाला बरंच सोसतं आणि झाडांना खत म्हणून लागतं. हे जिवाणू पिशवीतून येत नाहीत. ते फिल्टरच्या स्पंजवर, वाळूच्या कणांवर, पानांच्या पाठीवर हळूहळू वसतात, त्याला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून आधी माती, मग झाडं, मग फिल्टर सुरू, रोज चिमूटभर खाद्य आणि वाट पाहणं. साधं टेस्ट किट मिळतं. खाद्य चालू असूनही अमोनिया आणि नायट्राईट दोन्ही शून्य दिसले की मग पाच-सहा लहान मासे. गोल्डफिश नकोतच. तो वाढतो, घाण करतो आणि कोवळी झाडं उपटून खातो.

दुसरा पराक्रम सफाईचा. दर रविवारी टाकी अंगणात नेऊन वाळू उपसायची, फिल्टरचा स्पंज नळाखाली खसाखसा धुवायचा, सगळं पाणी बदलायचं. नळाच्या पाण्यात ग्रामपंचायतीनं टाकलेली टीसीएल पावडर असते. ती जंतू मारायलाच असते, तेव्हा तुमचे महिन्याभरात वसलेले जिवाणूही ती मारते आणि माशांचे कल्ले भाजते. आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदला, बास. नळाचं पाणी बादलीत उघडं ठेवून दुसऱ्या दिवशी वापरा. स्पंज धुवायचा तर टाकीतून काढलेल्याच पाण्यात पिळा. बोअरवेलच्या पाण्यात क्लोरीन नसतो, पण क्षार असतात. ज्या पाण्यानं तुमच्या गिझरच्या कॉईलवर पांढरा थर चढतो, त्या पाण्यात मऊ पाण्यातली नाजूक झाडं तगणार नाहीत, कितीही खताच्या बाटल्या ओता. व्हॅलिस्नेरिया मात्र मजेत वाढेल, गप्पीही. तुमच्या पाण्याला जे मानवतं ते लावा. खारपट जमिनीत कुठलं पीक घ्यायचं हे कळणाऱ्या माणसाला हे सांगावं लागतं, याचीच मला लाज वाटते.

आता उजेड. पाहुणे येतात म्हणून सकाळी सहापासून रात्री अकरापर्यंत दिवा चालू, वर खिडकीतून येणारं ऊन. मग काच हिरवी, पानं काळी-केसाळ, आणि दुकानातून शेवाळ मारायची बाटली. शेवाळाचं मूळ उजेडात आहे. शिवनेरी तर तुम्ही शाळेच्या सहलीपासून चढताय. गंगा-जमुनेच्या टाक्या खडकाच्या पोटात आहेत, तिथं थेट ऊन पोचत नाही आणि पाणी नितळ दिसतं. उघड्या तळ्यांकडे बघा, ती हिरवी होतात. जुन्नरच्या डोंगरांत सातवाहन काळापासून माणसं पाण्याची टाकी खोदत आली, लेण्यांतल्या शिलालेखांत पोढींच्या, म्हणजे पाण्याच्या टाक्यांच्या, दानाची नोंद आहे, आणि आपण दोन हजार वर्षांनी एलईडी कधी बंद करायचा हे दुकानदाराला विचारतो. सहा ते आठ तास. टायमर लावा. उन्हाच्या खिडकीपासून टाकी लांब, मग ईशान्य असो की नैर्ऋत्य.

खताची तर गंमतच आहे. झाडांसाठी म्हणून रंगीत लेबलाची चिमुकली बाटली लोक महागात घेतात. लेबल वाचलंत तर अनेक बाटल्यांत मुख्यतः पोटॅशियम नायट्रेट आणि मोनो पोटॅशियम फॉस्फेट. म्हणजे १३:०:४५ आणि ०:५२:३४. तुमच्या शेडमध्ये पंचवीस किलोच्या गोण्या रचून ठेवल्यात की! जगभरचे पाणवनस्पतींचे शौकीन हीच दोन मीठं विरघळवून टाकतात. शंभर लिटर पाण्यात १ ग्रॅम १३:०:४५ टाकलं तर नायट्रेट लिटरमागे साधारण ६ मिलिग्रॅमनं वाढतं. बागायती पट्ट्यातल्या विहिरीच्या पाण्यात ते आधीच असू शकतं, तेव्हा आधी तपासा, मग टाका. आणि वजनकाट्यावर मोजून टाका, एकराच्या हिशोबानं नको. गोणीही साधी हवी, वाढवर्धक मिसळलेली नको. बोर्डो मारून आलेला हात टाकीत घालू नका. त्यातलं मोरचूद गोगलगाईंना आणि कोळंबीला ठार करतं, माशांनाही सोडत नाही. कीटकनाशकाच्या हाताबद्दल तर बोलायलाच नको, आणि डासांचा फवारा मारताना टाकी झाका.

माती म्हणाल तर परदेशी गोळ्यांची पिशवी हवीच असं नाही. शेणखत न घातलेली, चाळून घेतलेली माती इंचभर, वर दीड इंच जाड धुतलेली वाळू. काळ्या मातीत चुनखडीचे खडे असतात, ते निवडा. संशय आला तर त्यावर थेंबभर व्हिनेगर टाका, फसफसलं की बाहेर. आपला काळा पाषाण सजावटीला उत्तम, निळे-गुलाबी खडे कशाला?

झाडांबद्दल एक तक्रार हमखास येते, "लावली आणि आठ दिवसांत पानं विरघळली." क्रिप्टोकोरिन असंच करतं. रोपवाटिकेत ते बहुतेक वेळा पाण्याबाहेर वाढवलेलं असतं, पाण्यात आलं की जुनी पानं टाकतं. मुळं धरून ठेवा, उपटून फेकू नका, नवी पानं येतात. अनुबियस आणि जावा फर्न यांचं आडवं खोड वाळूत पुरलं की कुजतं, ते दगडाला दोऱ्यानं बांधा. लाईट गेली की जास्त मासे असलेल्या टाकीत आधी दम कोंडतो, कारण अंधारात झाडंही प्राणवायू घेतात. इन्व्हर्टर घेण्याआधी मासे कमी करा.

पावसाळ्यात नाणेघाट, दुर्गवाडी, आहुपे इथं जाऊन सड्यावरच्या डबक्यांतून गेंदाची रोपं उपटणारे नवे हौशी दिसायला लागलेत. "आपलीच झाडं आहेत, फुकट मिळतात." ती चार महिन्यांत जगून, बी टाकून संपणारी झाडं आहेत. तुमच्या टाकीत ती दिवाळीही बघणार नाहीत. साताऱ्याकडच्या वायतुरा या पाणवनस्पतीचं जग मोजक्या पठारांपुरतं आहे. तो दिवाणखान्यात यायला नकोच.

आणि शेवटी कंटाळा. मुलगा दहावीला गेला, टाकी नकोशी झाली, मग मासे आणि झाडं कुकडीत, मीनेत नाहीतर घोडनदीत सोडून द्यायची. पुण्य लागतं म्हणे. कुकडी आणि मीना घोडनदीला मिळतात, घोड भीमेला, भीमा उजनीत. जुन्नरला सोडलेलं पुण्य सोलापूरच्या वाटेला लागतं. जलपर्णीही कधीकाळी दक्षिण अमेरिकेतून फुलासाठीच आणली गेली होती, आज पवना आणि इंद्रायणी बघा. उजनीच्या मच्छीमारांच्या जाळ्यात सकर मासा येऊ लागला, तो कुणी नदीत पेरला नव्हता, कुणाच्या तरी टाकीत मावेनासा झाला होता. दुकानात तो बोटाएवढा असतो, "काच साफ करतो" म्हणून विकतात. पुढे दीड फुटापर्यंत वाढतो, त्याच्या काट्यांनी जाळी फाटतात आणि बाजारात त्याला गिऱ्हाईक नाही. टाकी मोडायचीच असेल तर मासे दुसऱ्या हौशी माणसाला द्या, झाडं कडकडीत उन्हात वाळवून खतात टाका, पाणी बागेला सोडा, ओढ्याला नको. सकर तर विकतच घेऊ नका. काच खरवडायला जुनं एटीएम कार्ड पुरतं.