वाट पाहणाऱ्यांचे घर

मराठीत आपण कोणाची तरी 'वाट पाहतो'. डोळे लागलेले असतात ते येणाऱ्या माणसाच्या रस्त्याकडे. 'प्रतीक्षा' या तत्सम शब्दात पाहणे आहे, पण रस्ता नाही. हा भाषिक तपशील मला दरवर्षी सप्टेंबरच्या सुरुवातीला आठवतो. त्या सुमारास इटलीत, मिलानजवळच्या मोंझा येथे, हजारो माणसे शब्दशः एका रस्त्याकडे डोळे लावून बसतात. निमित्त असते फॉर्म्युला वनच्या इटालियन ग्रां प्रीचे.

प्रस्तुत लेखक मोटारशर्यतींचा जाणकार नाही आणि मोंझाला गेलेलाही नाही. एका जुन्या विद्यार्थ्यामुळे रविवारी संध्याकाळी साडेसहाला ही शर्यत दूरचित्रवाणीवर पाहण्याची सवय लागली, ती टिकली. स्टाफरूममध्ये एकदा हा विषय निघाला तेव्हा एक सहकारी म्हणाले, "गाड्या गोल गोल फिरतात, त्यात पाहायचे काय?" प्रश्न टाकाऊ नाही. मोंझाचा मार्ग सुमारे ५.८ किलोमीटरचा, फेऱ्या ५३. एका जागी बसलेल्या प्रेक्षकाला त्याची लाडकी गाडी दर फेरीत चार-पाच सेकंद दिसते असे धरले, तर पूर्ण शर्यतीत ती जेमतेम सव्वाचार मिनिटे दिसणार. एवढ्यासाठी माणसे शुक्रवारपासून उद्यानाच्या हिरवळीवर ठाण मांडतात, झेंडे शिवून आणतात, कुंपणाजवळची जागा राखतात. तेव्हा सहकाऱ्यांना माझे उत्तर असे की पाहायचे फारसे नसतेच. वाट मात्र पाहायची असते, आणि ती एकत्र पाहायची असते.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना मोंझाच्या परिसराची एक वेगळी ओळख असायला हवी. २० फेब्रुवारी १९०९ रोजी पॅरिसच्या 'ल फिगारो'च्या पहिल्या पानावर फ्युचरिझमचा जाहीरनामा प्रसिद्ध झाला. तो लिहिणारा मारिनेत्ती त्या काळी मिलानमध्ये राहत होता. गरजत धावणारी शर्यतीची मोटार ही सामोथ्रेसच्या प्राचीन विजयदेवतेच्या शिल्पाहून सुंदर आहे, असा त्याचा दावा. वस्तुसंग्रहालये आणि ग्रंथालये नष्ट करा, हेही त्याच जाहीरनाम्यात आहे. पुढे तेरा वर्षांनी, १९२२ मध्ये, मिलानच्या जवळच राजवाड्याच्या उद्यानात मोंझाचा मार्ग तयार झाला. 'वेगाचे मंदिर' हे त्याचे रूढ बिरुद. मारिनेत्तीचे स्वप्नच जणू साकार झाले.

पण प्रत्यक्षात घडले ते उलटे. १९५५ मध्ये बांधलेली तीव्र उताराची जुनी वळणे आजही तिथल्या झाडीत उभी आहेत. १९६१ नंतर फॉर्म्युला वनची शर्यत त्यांच्यावरून झालेली नाही, तरी शर्यतीच्या आधीच्या दिवसांत प्रेक्षक त्या सिमेंटच्या भिंतीवर चढून जातात, मुलांना दाखवतात. म्हणजे वेगाच्या मंदिरातच वस्तुसंग्रहालय उभे राहिले. मारिनेत्तीला धावणारी मोटार दिसली, कुंपणाशी उभा असलेला माणूस दिसला नाही. वेगाला भूतकाळ नको असतो हे खरे असेल, पण वाट पाहणाऱ्याचे त्यावाचून भागत नाही. मागच्या वर्षी, त्याच्या मागच्या वर्षी काय झाले हे ठाऊक असल्याशिवाय यंदाच्या शर्यतीची ओढ निर्माणच होत नाही.

आता प्रश्न येतो तो 'घरच्या' शर्यतीचा. हे घर नेमके कोणाचे? सरळ उत्तर राष्ट्राभिमानाचे आहे, आणि ते अपुरे आहे. इटालियन ग्रां प्री जिंकणारा शेवटचा इटालियन चालक लुडोविको स्कारफिओत्ती. ते वर्ष होते १९६६. तेव्हापासून आजवर या गर्दीने ज्यांच्यासाठी घसे कोरडे केले त्यांत ऑस्ट्रियन आहेत, जर्मन आहेत, स्पॅनिश आहेत. २०१९ आणि २०२४ मध्ये ज्याच्या विजयाने मोंझा वेडे झाले तो चार्ल्स लेक्लेर मोनॅकोचा. या सर्वांना जोडणारा धागा एकच, फेरारीचा लाल रंग.

याचे सर्वांत बोलके उदाहरण मोंझाचे नाही, फेरारीच्या कारखान्याला अधिक जवळ असलेल्या इमोलाचे आहे. १९८३ मध्ये तिथे सान मरिनो ग्रां प्रीच्या सहा फेऱ्या उरल्या असता ब्रॅभम संघाचा रिकार्दो पात्रेसे आघाडीवर गेला. पात्रेसे इटालियन, पदुआचा. त्याच फेरीत त्याची गाडी मार्गाबाहेर जाऊन आदळली, आणि इटालियन गर्दीने जल्लोष केला. कारण आता फेरारीतला फ्रेंच चालक पॅट्रिक ताँबे जिंकणार होता. ताँबेच्या गाडीवर २७ हा क्रमांक होता, आदल्या वर्षी मे महिन्यात अपघातात गेलेल्या जिल व्हिलनव्हचा. त्या दिवशी गर्दी ज्याची वाट पाहत होती तो चालक हयात नव्हता.

आपल्या काव्यशास्त्रात 'सहृदय' ही संकल्पना आहे. रसास्वादाचा अधिकार रसिकाला जन्माने मिळत नाही. वारंवारच्या सहवासाने ज्याचे मन तयार झाले, तो सहृदय. मोंझाचे घर मला अशा सहृदयांचे घर वाटते. २०१८ मध्ये मर्सिडीजमधून जिंकलेल्या लुईस हॅमिल्टनची याच गर्दीने हुर्यो उडवली होती. २०२५ मध्ये तोच हॅमिल्टन लाल पोशाखात आला, तेव्हा त्याच गर्दीने त्याला आपला म्हटले. तो सहावा आला, तरीही. जन्माचा दाखला न मागणारे घर आजच्या काळात दुर्मीळ आहे.

मात्र या घराचे गोडवे गाताना एक गोष्ट झाकून ठेवता येणार नाही. इटालियन भाषेत अशा चाहत्यांना 'तिफोसी' म्हणतात. 'तिफो'चा मूळ अर्थ टायफस, म्हणजे तापाचा रोग. मराठी वृत्तपत्रांना 'क्रिकेटज्वर' सुचला तो याच जातीचा. तापात माणूस काय बरळेल याचा नेम नसतो. कोणाची गाडी आदळली म्हणून टाळ्या पिटणे हे पात्रेसेच्या बाबतीत घडले. तो सुखरूप होता म्हणून आपण तो किस्सा सांगू शकतो. १९६१ मध्ये मोंझा येथे फेरारीच्या फॉन ट्रिप्ससह डझनाहून अधिक प्रेक्षक मृत्युमुखी पडले, आणि त्याच शर्यतीत फेरारीच्याच फिल हिलने विजेतेपद निश्चित केले. आनंद कुठे संपतो आणि शोक कुठे सुरू होतो हे तेव्हा कुंपणाशी उभ्या असलेल्यांना कसे उमगले असेल? आमच्या वर्गात शोकांतिका शिकवताना करुणा आणि भीती यांविषयी आम्ही बोलतो. रसिकाने दुसऱ्याच्या पतनाची इच्छा धरावी का, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारतो. मोंझा तो विचारायला लावते.

तरीही १९८८ ची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. त्या वर्षी १४ ऑगस्टला एन्झो फेरारी वारले. आयुष्याच्या उत्तरार्धात ते शर्यतींना जात नसत. मोंझालाही सरावाच्या दिवशी येऊन परतत. जणू त्यांनाही फक्त वाटच पाहायची असे. त्या मोसमातल्या १६ शर्यतींपैकी १५ मॅक्लारेनने जिंकल्या. उरलेली एक मोंझाची. दोन फेऱ्या शिल्लक असताना आघाडीवरचा आयर्टन सेना एका मागे पडलेल्या गाडीला अडकला आणि फेरारीचे बर्गर व आल्बोरेतो पहिले-दुसरे आले. याला योगायोग म्हणावे, हे मला पटते. पण महिनाभरापूर्वी घरातला कर्ता गेलेल्या माणसांना ते पटवून देण्याच्या भानगडीत मी पडणार नाही.

आपल्याकडेही 'घरची' शर्यत होऊन गेली. ३० ऑक्टोबर २०११ रोजी ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर पहिली इंडियन ग्रां प्री झाली आणि २०१३ नंतर ती थांबली. खेळ की मनोरंजन, कर कोणी भरायचा, या वादांचा त्यात मोठा वाटा होता. मार्ग उत्तम होता, नारायण कार्तिकेयनच्या रूपाने पहिल्या वर्षी भारतीय चालकही होता. नव्हती ती आठवण. तीन वर्षांत आजोबांनी नातवाला सांगावे असे काही साठत नाही. घर बांधायला पैसा पुरतो. घरपण यायला अनेक वर्षे वाट पाहावी लागते.

आणि इथेच माझी खरी तक्रार आहे. आयोजक जे विकतात ते या साठलेल्या ओढीवर विकतात, पण कराराच्या टेबलाशी ओढीला खुर्ची नसते. इमोलाची शर्यत २०२५ नंतर वेळापत्रकातून गेली. १९८३ चा तो जल्लोष आणि त्यातली लाजही तिला वाचवू शकली नाही. मोंझाचा करार २०३१ पर्यंत आहे. त्यानंतर काय, हे पैशावर ठरेल. चाहत्यांना ग्राहक मानले की हा व्यवहार सरळ वाटतो. मला तो वाटत नाही, कारण ग्राहक वस्तू घेतो आणि निघून जातो. हे लोक दरवर्षी परत येतात, बहुधा हरण्यासाठी, आणि सोमवारी पुढच्या सप्टेंबरचा हिशेब मांडू लागतात.

सहकाऱ्यांना हे सारे सांगून झाल्यावर ते म्हणाले, "म्हणजे तुम्हीही वाट पाहता तर!" नाकारण्यात अर्थ नव्हता.