शॉकअप घरी बदला, पण स्प्रिंगला हात लावू नका

मुरूड, म्हसळा, श्रीवर्धन या पट्ट्यातल्या छोट्या व्यापाऱ्याच्या दारात आजही जुनी मारुती ८०० दिसते. मंगळदास मार्केट किंवा भिवंडीहून माल आणायचा तर तिचाच आधार. ही गाडी १९८३ साली बाजारात आली आणि २०१४ साली तिचे उत्पादन थांबले. म्हणजे आता सगळ्याच ८०० उतारवयाच्या झाल्या. त्यात आपले रस्ते. मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल-इंदापूर टप्प्याचे चौपदरीकरण २०११ साली सुरू झाले आणि वर्षानुवर्षे रखडले. त्या खड्ड्यांचा पहिला मार पुढच्या शॉकअपनीच खाल्ला.

शॉकअप ही आरामाची चीज आहे, असे पुष्कळांना वाटते. तो गैरसमज होय. स्प्रिंग धक्का झेलते. शॉकअप तिचे उसळणे थांबवून चाक रस्त्याला धरून ठेवतो. तो दमला की ब्रेक दाबल्यावर गाडी नाक खाली घालते, थांबायला जास्त अंतर घेते आणि टायर जागोजागी खात जातो. घाटातल्या ओल्या वळणावर ही बाब जिवाशी येते. पारख सोपी आहे. बॉनेटचा कोपरा जोरात दाबून सोडावा. गाडी एकदा वर येऊन स्थिर झाली नाही, झुलत राहिली, किंवा शॉकअपच्या नळीवर तेल ओघळलेले दिसले, तर तो बदलावा. बदलताना दोन्ही बाजूंचे एकदम बदलावेत. एक नवा आणि एक जुना ठेवला तर गाडी दोन्ही बाजूंनी सारखी चालत नाही.

मजुरी वाचवण्यासाठी हे काम घरी करता येते का? माझे मत असे की अर्धे करावे, अर्धे करू नये.

गाडीच्या अंगाचा शॉकअप सोडवणे आणि परत बसवणे हे काम हाताला पान्याची सवय असलेला माणूस करू शकतो. खाऱ्या हवेने बोल्ट गंजलेले असतात. आदल्या रात्रीच त्यांवर गंज सोडवणारे तेल सोडावे. जमीन सपाट आणि टणक हवी. मातीच्या अंगणात जॅक रुततो, म्हणून खाली जाड फळी घ्यावी. मागच्या चाकांना दगड लावावेत. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नये, स्टँड लावावाच. ब्रेकचा पाईप क्लिपमधून मोकळा करावा. त्यावर चाकाचा भार लटकू देऊ नये. मग खालचे दोन बोल्ट आणि वरचे कडेचे नट काढले की शॉकअप स्प्रिंगसकट हातात येतो.

इथे थांबावे. माथ्यावर मधोमध जो नट आहे, त्याला पाना लावू नये. गाडीच्या कोपऱ्याचे ओझे पेलणारी स्प्रिंग त्या एका नटाने दाबून धरलेली असते. कंप्रेसर न लावता तो सोडला तर ती गोळीसारखी सुटते आणि हात, जबडा, डोळा काहीही जाऊ शकते. दोरीने किंवा तारेने बांधून हे काम उरकण्याची बहादुरी कोणी दाखवू नये. सुटा शॉकअप मिस्त्रीकडे न्यावा, स्प्रिंग त्याच्याकडून बदलून घ्यावी आणि त्याची मजुरी घासाघीस न करता द्यावी. सगळे जोडून झाल्यावर व्हील अलाइनमेंट करून घ्यावे, नाहीतर नवे टायरही फुकट जातील.

आपल्या धंद्यातही हेच चालते. उसवलेली शिवण घरची बाई घालते, पण शेरवानीचे कापड बेतायला दर्जीच लागतो. त्याच्या कात्रीचे दाम आपण आनंदाने देतो, कारण एक चुकीचा काप अख्खा तागा वाया घालवतो. मिस्त्रीच्या हुनरालाही तोच मान द्यावा. किफायत हा व्यापाऱ्याचा गुण खराच. पण वाचवलेल्या मजुरीपेक्षा ज्या हातांनी आपण कापड मोजतो, ते हात महाग आहेत.