विश्लेषण : दहशतवादविरोधी कायद्याला मुदत का हवी?

टेंभी नाक्याला ‘टाडा’ नवा नाही. नगरसेवक श्रीधर खोपकर यांच्या हत्येनंतर १९८९ मध्ये येथील आनंद दिघे यांना याच कायद्याखाली अटक झाली. पुढे ते जामिनावर सुटले.

‘टाडा’ संपला कसा?
१९८५ चा हा कायदा मुदतीचा होता. त्यामुळे सरकारला दर दोन वर्षांनी संसदेपुढे जावे लागे. गैरवापराच्या तक्रारी वाढल्या आणि मे १९९५ मध्ये मुदतवाढ मिळालीच नाही. २००२ च्या ‘पोटा’लाही तीन वर्षांची मुदत होती, तो २००४ मध्येच रद्द झाला.

आज फरक काय?
‘यूएपीए’ला मुदतच नाही. आरोपपत्राविना १८० दिवसांपर्यंत कोठडी शक्य आहे. आरोप प्रथमदर्शनी खरे वाटले, तर जामीन नाही. खटला मात्र वर्षानुवर्षे रेंगाळू शकतो.

मग करायचे काय?
दहशतवाद गंभीर आहे. कठोर कायदा लागेलही. पण किती जणांना किती काळ डांबले, किती निर्दोष सुटले, याचा हिशेब संसदेने ठरावीक काळाने घ्यायलाच हवा. मुदतीचा कायदा तो घ्यायला भाग पाडतो. ठाणेकरांनी आपल्या खासदारांना एवढेच विचारावे : हा हिशेब तुम्ही कधी मागणार?