काठी खाली ठेवा, आधी मागे सरा

पोशेऱ्यातल्या आणि जव्हार-मोखाड्याच्या सगळ्या पाड्यांवरच्या भावांनो, बायांनो,

राब भाजून झाले, मृग तोंडावर आला. पहिला दमदार पाऊस पडला की बिळांत पाणी शिरेल, उंदीर घराकडे पळतील आणि उंदरांमागे साप येतील. आता भात घरात येईपर्यंत कुडात, पडवीत, पेंढ्यात, आवणीच्या चिखलात कुठे ना कुठे साप दिसणारच. तो दिसला की ओरड होते, दहा माणसं जमतात, काठ्या निघतात आणि बघता बघता साप ठेचलेला असतो. मग कोणीतरी सांगतं, "मण्यार होती, वाचलो." कित्येकदा ती मण्यार नसतेच. पाली खाऊन जगणारा, विषाचा थेंबही नसलेला कवड्या असतो.

ही काठी थांबवा, एवढंच मागायला आलो आहोत. साप ओळखता आला तर उत्तम, नाही आला तरी चालेल. मागे सरायला ओळख लागत नाही.

घाबरू नका, असं मात्र आम्ही म्हणणार नाही. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली, वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने मांडला आहे. त्यातले बहुतेक जण खेड्यांतले, आणि चारांतले तीन तरी दवाखान्याबाहेरच दगावलेले. नागपंचमीला पूजा करता आणि एरवी ठेचता, असा टोमणा शहरातले लोक आपल्याला मारतात. तो आम्हाला पटत नाही. पूजा करणाऱ्याचं पोरही जमिनीवर झोपतं आणि पहाटे उठत नाही, हे त्यांनी पाहिलेलं नसतं. तुमची भीती खरी आहे. फक्त तिची काठी भलत्याच सापावर पडते आहे आणि त्याने तुमच्या घरातलं एकही माणूस जास्त सुरक्षित होत नाही.

माणसाला मारू शकतील असे आपल्याकडचे मुख्य साप चार: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. सरकारी दवाखान्यातली सर्पविषावरची लस याच चौघांच्या विषावर चालते. जंगलात बांबूच्या बेटात हिरवा चापडा असतो, तोही विषारी, पण त्याच्या दंशाने माणूस जाणं विरळा. बाकी जे साप रोज दिसतात, त्यांतले बहुतेक बिनविषारी.

सगळ्यात अभागी कवड्या. तपकिरी अंग, त्यावर पांढुरके आडवे पट्टे. पालीच्या मागे कुडाच्या भिंतीवर चढतो, कौलांत शिरतो आणि कधी वाशावरून थेट अंथरुणाशेजारी पडतो. मोबाइलच्या उजेडात पट्टे दिसले की त्याची मण्यार होते. फरक असा की कवड्याचे पट्टे मानेपासूनच सुरू होतात, पुढे ठळक असतात आणि शेपटीकडे विरत जातात. मण्यारीचं उलट. डोक्यामागचा भाग बहुधा कोरा, निळसर काळा. मग बारीक पांढरे पट्टे, बरेचदा जोडीजोडीने, शेपटीकडे अधिक स्पष्ट. तिच्या पाठीच्या मधोमध मोठ्या षटकोनी खवल्यांची रांग असते, पण ती दिसेल इतकं जवळ जायचं नाही. भिंतीवर चढलेला पट्ट्यांचा साप बहुतेक कवड्या असतो. "बहुतेक" हा शब्द मात्र विसरू नका.

दुसरी दिवड. वलगणीचे मासे धरायला किंवा रात्री खेकड्यांसाठी बत्ती घेऊन ओढ्यावर गेलात की ती भेटते, कारण मासे आणि बेडूक खायला तीही तिथेच आलेली असते. अंगावर चौकटी-चौकटींची नक्षी, डोळ्याखाली दोन तिरक्या काळ्या रेघा. डिवचली तर मान चपटी करते, म्हणून लोकांना ती नाग वाटते. चावतेही कडकडून, रक्त येतं. पण विष नाही.

तिसरी धामण, आणि तिच्यावरचा अन्याय सगळ्यात महागात पडणारा. लांबलचक, चपळ, मोठ्या डोळ्यांची, जबड्याच्या कडेला काळ्या रेघा असलेली. लांबी पाहूनच माणसं तिला नाग ठरवतात. वर आळ असा की ती गाईच्या पायांना विळखा घालून दूध पिते. सापाच्या तोंडाला ओढून पिण्याची सोयच नाही. आत वळलेले सुईसारखे दात आचळात रुतले तर गाय उभी राहील का, हे गुरं राखणाऱ्यांनीच सांगावं. ती खाते उंदीर. राबात पेरलेलं दाणं, कणगीतलं भात, नागली, वरई यांतलं काय काय उंदीर नेतात ते तुम्हाला ठाऊक आहे, आणि उंदरांच्या मुतातून लेप्टो येतो तो वेगळाच. बिळात शिरून पिलांसकट उंदीर फस्त करणारी धामण मारली की बिळं भरलेली राहतात. भरलेल्या बिळांकडे मग नाग आणि घोणसही येतात.

बाकीच्यांची ओळख भरभर करून देतो. डुरक्या घोणस जाडजूड, आखूड शेपटीची, वेड्यावाकड्या ठिगळांची, बिनविषारी. ती घोणस म्हणून मरते. मांजऱ्या साप झुडपांवर राहतो, मान बारीक, डोकं मोठं. त्याचं सौम्य विष माणसाला धोक्याचं नाही, तो फुरसे म्हणून मरतो. पाठीवर दोन पिवळे पट्टे असलेली नानेटी बांधावरच्या गवतात बेडूक शोधत असते, ती साप आहे एवढ्याच कारणाने मरते. हरणटोळ टाळू फोडतो म्हणतात. तो पानांत लपून सरडे धरतो, तुमच्या टाळूशी त्याला देणंघेणं नाही. आणि डूख धरून घरी परत येणारा साप अजून जन्माला यायचा आहे. कोणी मारलं हे लक्षात ठेवायची अक्कल सापाच्या मेंदूत नाही.

आता उलटी बाजूही ऐका, कारण आम्हाला ती जास्त काळजीची वाटते. चूक दोन्हीकडे होते. घोणशीची पिलं पावसाच्या सुमारास जन्मतात. त्यांना अजगराचं पिल्लू समजून पोरं हातात घेतात. घोणशीच्या अंगावर साखळीसारख्या गोल ठिपक्यांच्या तीन रांगा असतात आणि चिडली की ती कुकरच्या शिट्टीसारखी फुत्कारते. पण पिल्लू फुत्कारण्याआधीच चावलं तर? नाग प्रत्येक वेळी फणा काढतोच असंही नाही. म्हणून वर सांगितलेल्या खुणा साप उचलण्यासाठी नाहीत. हा कवड्याच, असं मनाशी पक्कं झालं तरी हात लावायचा नाही.

१९८० साली पुण्यात नीलिमकुमार खैरे ७२ विषारी सापांबरोबर काचेच्या खोलीत ७२ तास राहिले होते. डिवचल्याशिवाय साप चावत नाही, हे लोकांना दाखवायचं होतं. ते दाखवायला त्यांच्यामागे सापांचा दांडगा अभ्यास होता. आजकाल साप गळ्यात घालून मोबाइलवर रील टाकणारे गावोगाव झाले आहेत, त्यांना आम्ही सर्पमित्र मानत नाही. पोरांनो, त्यांचं बघून काही करू नका.

काठीने काय होतं तेही पाहा. साप चावायला अंगावर येत नाही, पळायची वाट शोधत असतो. काठी घेऊन तुम्ही त्याच्या टप्प्यात जाता, वाट अडवता, आणि मग तो चावतो. पाच जण घाईघाईने अंधारात काठ्या चालवत असतील तर कोणाचा पाय कुठे पडेल? तोडलेलं डोकंही काही वेळ चावू शकतं, म्हणून मेलेला सापही हाताने उचलू नका.

कोणाला साप चावला तर तो साप शोधून मारून दवाखान्यात न्यायचा, असा समज आहे. त्याची काही गरज नाही. डॉक्टर लक्षणं पाहून आणि रक्त तपासून उपचार ठरवतात, लस चौघांवर एकच आहे. लांबून फोटो मिळाला तर ठीक, नाही तर राहू द्या. पेंढ्याचा ढीग उपसण्यात गेलेला अर्धा तास चावलेल्या माणसाच्या आयुष्यातून जातो.

आणि आता भगतांबद्दल, कारण बिनविषारी सापाचा गैरसमज इथेच जीव घेतो. कवड्या चावतो, घरचे म्हणतात मण्यार. भगताकडे नेतात, तो मंत्र म्हणतो, मुळी उगाळून देतो, माणूस सकाळी आवणीला जातो. तो जाणारच होता; विषच नव्हतं. विषारी सापही दर वेळी विष सोडतोच असं नाही, तिथेही मंत्राला गुण येतो. भगताचं नाव होतं. पुढच्या पावसात खरी मण्यार चावते, आणि लोक भरवशाने त्याच दारात जातात. डहाणू तालुक्यातल्या आदिवासी भागाचा एक अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. चिंचोके किंवा लोहचुंबक लावल्याने विष कमी होतं हा समज, आधी भगताकडे जाण्याची रीत, हे सगळं त्यात नोंदलेलं आहे. वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या माहितीतही उणिवा आढळल्या, हेही त्यात आहे; तेव्हा दोष सगळा पाड्यावरच्या माणसावर ढकलता येणार नाही.

भगतबाबांनो, तुमचा शब्द पाड्यावर आमच्यापेक्षा जास्त चालतो. मंत्र म्हणायचा तर जरूर म्हणा, पण गाडीत बसून म्हणा. "आधी दवाखाना" हे वाक्य तुमच्या तोंडून आलं तर आमच्या शंभर पत्रकांचं काम होईल.

मण्यारीचा दंश फसवा असतो. रात्री जमिनीवर झोपलेल्याला ती चावते, दुखत नाही, सूज येत नाही, खूणही सापडत नाही. पहाटे पोटात दुखतं, उलटी होते, पापण्या मिटायला लागतात, गिळता येत नाही. पावसाळ्यात असं झालं तर अपचन समजून घरी थांबू नका. साप चावल्याचं कळलं किंवा नुसती शंका आली, तर माणसाला धीर द्या, चालवू नका. बांगड्या, जोडवी, अंगठ्या, करदोटा काढा. चावलेला हात-पाय मोडल्यावर बांधतो तसा कामट्या लावून सैल बांधा. आवळून दोरी बांधणं, कापणं, तोंडाने ओढणं, चुना लावणं, यातलं काही नको. १०८ ला फोन करा आणि मोखाड्याचं किंवा जव्हारचं सरकारी रुग्णालय गाठा. तिथे लस फुकट आहे. ओढ्याला पूर आला की डोली करावी लागते, हे आम्हाला ठाऊक आहे. म्हणूनच कोण डोली धरणार, रस्त्यापाशी कोणाची जीप उभी असणार, हे आजच ठरवा.

साप चावू नये म्हणून काठीपेक्षा बाज आणि मच्छरदाणी जास्त कामाची. कडा गोधडीखाली नीट खोचलेली मच्छरदाणी असली की मण्यार आत शिरू शकत नाही. सरपण आणि पेंढा भिंतीपासून दूर रचा. भात-नागली झाकून ठेवा, उष्टं दारात टाकू नका. रात्री बाहेर जाताना बॅटरी, पायात काहीतरी. घरात साप दिसलाच तर पोरांना बाजूला घ्या, त्याला दाराची वाट मोकळी करून द्या, लांबून नजर ठेवा. जात नसेल तर वनखात्याला १९२६ वर फोन करा, किंवा वनपालाला कळवा.

कायदाही आहे, सांगून ठेवतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली झालेल्या दुरुस्तीनंतर धामण, दिवड, नाग, घोणस हे वाघाच्याच अनुसूचीत आहेत. पण कायद्याच्या भीतीने कोणी काठी ठेवावी, अशी आमची अपेक्षा नाही. रात्री दोन वाजता पोरांच्या अंथरुणापाशी कायदा कोणाला आठवतो?

पेसा कायद्याने आपल्या पाड्यांच्या ग्रामसभेला मान आहे, तो इथे वापरा. आवणी सुरू होण्याआधीच्या सभेत तीन गोष्टी मंजूर करून घ्या. पाड्यावर दिसलेला साप मारायचा नाही, त्याला वाट द्यायची किंवा फोन करायचा. जमिनीवर झोपणाऱ्या प्रत्येक घराला मच्छरदाणी मिळावी, यासाठी ग्रामपंचायतीकडे मागणी करायची. आणि सर्पदंशाची लस किती शिल्लक आहे, रात्री डॉक्टर हजर असतात का, याचं उत्तर दवाखान्याकडून दर महिन्याला लेखी घ्यायचं. केंद्र सरकारने २०२४ च्या मार्चमध्ये सर्पदंशाचे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणायची योजना जाहीर केली आहे, तेव्हा हे विचारायचा तुम्हाला पुरेपूर हक्क आहे. शिक्षकांनी आणि आशाताईंनी १०८ आणि १९२६ हे दोन आकडे प्रत्येक घराच्या दारावर खडूने नव्हे, रंगाने लिहून द्यावेत. खडू पहिल्याच पावसात जातो. खाली जीपवाल्याचा नंबरही लिहा.