विश्लेषण : क्वानझोउची परंपरा काचेच्या कपाटात नाही, रोजच्या वापरात आहे... पण किती काळ?

चीनच्या आग्नेय किनाऱ्यावरील क्वानझोउ हे शहर सध्या समाजमाध्यमांवर गाजते आहे ते केसांत फुलांची कडी माळलेल्या तरुणींच्या छायाचित्रांमुळे. युनेस्कोने २०२१ मध्ये या शहरातील २२ ठिकाणे जागतिक वारसा यादीत घेतली आणि पर्यटकांचा ओघ वाढला. पण क्वानझोउचे वेगळेपण जुन्या दगडांत कमी आणि शहराच्या दिनक्रमात जास्त आहे. तो दिनक्रमच आता पणाला लागला आहे.

हे शहर आपल्याला अगदीच परके का नाही?

दहाव्या ते चौदाव्या शतकात, म्हणजे सोंग आणि युआन राजवटींत, क्वानझोउ हे जगातील सर्वात गजबजलेल्या बंदरांपैकी एक होते. परदेशी व्यापारी त्याला ‘झैतून’ म्हणत. मार्को पोलो आणि इब्न बतूता यांनी याच नावाने त्याचे वर्णन केले आहे. हे नाव आले ते शहरभर लावलेल्या ‘त्सथोंग’ या झाडाच्या नावावरून. त्सथोंग म्हणजे आपला पांगारा. आजही तो या शहराचे मानचिन्ह आहे.

येथे तमिळ व्यापाऱ्यांची वस्ती होती. त्यांच्या शिवमंदिराचा १२८१ सालचा तमिळ शिलालेख सापडला आहे. मंदिर काळाच्या ओघात गेले, पण त्याचे खांब कायुआन या बौद्ध मंदिराच्या मुख्य सभागृहामागे बसवले गेले. नरसिंह आणि कृष्ण कोरलेल्या त्या खांबांच्या सावलीत आज चिनी आजीबाई उदबत्ती लावतात. शहरालगतच्या चेडियन गावात तर दक्षिण भारतीय घडणीची चार हातांची एक मूर्ती ‘ग्वानयिन’ म्हणून, म्हणजे करुणेची बौद्ध देवता म्हणून पूजली जाते. मूर्ती कुठून आली, याच्याशी पूजा करणाऱ्यांना फारसे देणेघेणे नाही. २०१९ मध्ये मामल्लपुरमला मोदी-जिनपिंग भेट झाली, तेव्हा तमिळनाडू आणि फुजियान प्रांताच्या जुन्या संबंधांचा उल्लेख झाला, तो याच इतिहासाच्या आधारावर.

देवाला कौल, शेजारी मशीद...

तूमन मार्गावर छिंगजिंग मशीद आहे. तिची स्थापना १००९ सालची. तिच्यापासून काही पावलांवर ग्वान यू आणि यूए फेई या दोन योद्ध्यांचे मंदिर. मशिदीत पर्यटक असतात, मंदिरात गर्दी असते ती स्थानिकांची. दुकान कधी उघडावे, मुलीचे स्थळ कसे आहे, परीक्षेचे काय होईल, हे विचारायला लोक येतात. अर्धचंद्राच्या आकाराचे दोन लाकडी तुकडे जमिनीवर टाकायचे. एक उताणा आणि एक पालथा पडला तर देवाचा होकार. कोकणात आणि गोव्यात देवाला कौल लावणाऱ्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

सांस्कृतिक क्रांतीच्या काळात चीनमधील बहुतेक ठिकाणांप्रमाणे येथीलही पूजाअर्चा बंद पडली होती. ती परत कशी आली, हे महत्त्वाचे. आग्नेय आशियात आणि तैवानमध्ये मोठ्या संख्येने स्थायिक झालेल्या क्वानझोउच्या लोकांनी ऐंशीच्या दशकानंतर गावच्या मंदिरांसाठी, पूर्वजांच्या घरांसाठी पैसे पाठवले. सरकारलाही परदेशस्थ चिनी लोकांची गुंतवणूक हवी होती. त्यामुळे ज्याला काल ‘अंधश्रद्धा’ म्हटले जात होते, त्याला आज ‘लोकसंस्कृती’ म्हटले जाऊ लागले. चिनी राज्यव्यवस्थेचे मन वळले असे मानण्याचे कारण नाही. तिची गरज बदलली, एवढेच. पण त्या फटीतून परंपरा पुन्हा रोजच्या जगण्यात शिरली.

नानयिन संगीत टिकले ते कशामुळे?

‘नानयिन’ म्हणजे दक्षिणेचे संगीत. युनेस्कोने २००९ मध्ये ते मानवतेच्या अमूर्त वारशात समाविष्ट केले. यातील ‘फीपा’ हे तंतुवाद्य आडवे धरून वाजवतात. चीनमध्ये इतरत्र ते उभे धरण्याची पद्धत आहे. जोडीला उभी बासरी, दोन आणि तीन तारांची वाद्ये आणि गाणाऱ्याच्या हातात पाच लाकडी पट्ट्यांची चिपळी. लय इतकी संथ, की पहिल्यांदा ऐकणाऱ्याचा धीर सुटावा.

मात्र नानयिनची खरी जागा नाट्यगृहात नाही. मंडळे आहेत, त्यांच्या बैठकी आहेत. काम आटोपून आलेले लोक चहा घेत वाजवतात, दुसरे उठले की आपण बसतात. श्रोता आणि कलाकार अशी भिंत तिथे पातळ असते. भजनी मंडळ जसे तिकीट विक्रीवर जगत नाही, तसेच हे. नव्वदच्या दशकापासून शहरातील शाळांतही नानयिन शिकवले जाते. सिंगापूर, मनिला, मलेशियातही अशी मंडळे आहेत आणि तिथेही पदे गायली जातात ती क्वानझोउच्याच उच्चारांत. अनुदानाचा हातभार असेल, पण हौशी माणसांशिवाय हे टिकले नसते.

फुलांच्या कड्याचे काय झाले?

शुनपू हे शहराच्या कडेचे मच्छीमारांचे गाव. येथील बायका कालवे फोडतात, मासळी विकतात. केसांचा अंबाडा, त्यात आडवी काडी आणि भोवती ताज्या फुलांची एकावर एक कडी, ही त्यांची रोजची केशरचना. सणासुदीला नव्हे, बाजाराला जातानाही. गजरा माळून मासळी विकायला बसणारी बाई आपल्याला नवी नाही, म्हणून ही गोष्ट लगेच कळते. जुन्या घरांच्या भिंतीही कालवांच्या शिंपल्यांच्या. शुनपूच्या स्त्रियांच्या या चालीरीतींची नोंद चीनने २००८ मध्ये राष्ट्रीय अमूर्त वारसा यादीत केली.

२०२३ मध्ये एका लोकप्रिय अभिनेत्रीने ही केशरचना करून छायाचित्रे काढली आणि गावाचा चेहरा बदलला. गल्लीबोळांत केशरचना, भाड्याचे कपडे आणि छायाचित्रकार पुरवणारी दुकाने उघडली. ताज्या फुलांबरोबर कृत्रिम फुले आली. याला नाके मुरडणे सोपे आहे. पण वर्षानुवर्षे कालवे फोडून हात सोललेल्या बाईला तेच हात केस बांधण्यासाठी वापरून चार पैसे जास्त मिळत असतील, तर तिने परंपरेच्या शुद्धतेसाठी ते नाकारावेत, हे सांगण्याचा अधिकार दुरून पाहणाऱ्याला नाही. शिवाय लग्नकार्यात आणि समुद्रदेवी माझूच्या मिरवणुकीत गावातल्या बायका अजूनही स्वतःसाठी फुले माळतात. तपासायचे ते हेच: पर्यटक नसतील त्या दिवशी फुले माळली जातात का?

लिजियांगच्या वाटेने?

युनान प्रांतातील लिजियांगचे जुने शहर १९९७ मध्ये जागतिक वारसा झाले. नंतर तेथील नाशी समाजाच्या अनेक कुटुंबांनी आपली घरे दुकानदारांना, लॉजमालकांना भाड्याने दिली आणि ती नव्या वस्तीत राहायला गेली. कौले, कालवे, पूल जागच्या जागी आहेत. शेजारी मात्र उरले नाहीत. क्वानझोउच्या जुन्या भागात अजून लोक राहतात. सकाळी बारीक शेवयांची घट्ट पेज विकणाऱ्या टपऱ्या त्यांच्यासाठी चालतात, मंदिरांच्या उत्सवांना वर्गणी तेच देतात. त्यामुळे येथे वारसा जपण्याचा प्रश्न मुळात घरभाड्याचा प्रश्न आहे. पश्चिम मार्गावरील घर कॉफीच्या दुकानाला देणे अधिक फायद्याचे ठरले, की नानयिनच्या बैठकीला येणारा म्हातारा तीन-चार मैल दूर गेलेला असेल आणि मग बैठक भरणार नाही.

सर्वात मोठा धोका कोणता?

तो पर्यटनाचाही नाही, भाषेचा आहे. शाळा, नोकरी, दूरचित्रवाणी सगळीकडे प्रमाण चिनी भाषा. क्वानझोउची बोली घराघरांत, तीही आजी-आजोबांपुरती आक्रसते आहे. नानयिन आणि येथील जुनी नाट्यपरंपरा या बोलीवरच उभी आहे. बोली न कळणाऱ्या मुलाला शाळेत पद पाठ करून घेता येईल, स्पर्धेत बक्षीसही मिळेल. पण चहाच्या टेबलावर बसून त्याला ते चुकीचे गाता येणार नाही, त्यावर हसता येणार नाही, मनाने एखादी हरकत घेता येणार नाही. शाळेच्या वेळापत्रकात नानयिनला जागा देणाऱ्या शहराला बोलीलाही तशीच जागा देता येईल. मात्र बीजिंगचे धोरण एकाच प्रमाण भाषेच्या बाजूने झुकलेले असताना हे स्थानिक प्रशासनाला कितपत जमेल, यावर क्वानझोउची पुढची पंचवीस वर्षे ठरतील.